पोटेन्शियलची टेस्टमधली चूक कमी, तरी ९०० केल्विनला सिम्युलेशन उधळतं

स्फटिकवेडा:
घन इलेक्ट्रोलाइटसाठी लिथियम-फॉस्फरस-गंधक-क्लोरीनच्या आर्जिरोडाइट प्रकारच्या स्फटिकावर मशीन लर्निंग पोटेन्शियल (अणूंच्या जागांवरून ऊर्जा आणि बलं सांगणारं मॉडेल) ट्रेन केलंय. डेटा म्हणजे ६०० केल्विनच्या एकाच डीएफटी-एमडीतल्या (डीएफटी या क्वांटम गणिताने बलं काढून अणूंची हालचाल चालवणारं सिम्युलेशन) १,२०० फ्रेम, म्हणजे क्षणाक्षणाच्या रचना. ५२ अणूंचा सेल, डीएफटीत पीबीई हे नेहमीचं अंदाजसूत्र. फ्रेम पिसून ट्रेनिंग, व्हॅलिडेशन आणि टेस्टसाठी ८०-१०-१० टक्के अशा वाटल्या. टेस्टवर बलांची सरासरी चूक ३५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति आंगस्ट्रॉम. पण ९०० केल्विनला, २ फेम्टोसेकंदांच्या टाइमस्टेपने, १५ पिकोसेकंदांनंतर तापमान एकदम भडकतं आणि दोन गंधक १.२ आंगस्ट्रॉमवर आलेले दिसतात. मॉडेल मोठं करू का? शेवटी हवीय ती ३०० केल्विनची लिथियम आयनांची वाहकता.

अणुरेणू:
मॉडेलला हात लावू नका, दोष डेटात आहे. लागोपाठच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. पिसून वाटल्यावर टेस्टमधल्या प्रत्येक फ्रेमचं जुळं भावंड ट्रेनिंगमध्ये बसलेलं असतं, त्यामुळे त्या ३५ वर विसंबू नका. टेस्टसाठी वेगळ्या तापमानाची स्वतंत्र रन घ्या, आकडा बदललेला दिसेल.

गंधक-गंधक बंध साधारण २.०५ आंगस्ट्रॉमचा असतो. १.२ पर्यंत अणू जातात कारण तिथे मॉडेलने ऊर्जेचा खोटा खड्डा तयार केलाय. डीएफटी-एमडी इतक्या जवळ कधी जातच नाही, मग तिथली किंमत मॉडेलला कळणार कशी? कमी अंतरासाठी झेडबीएल प्रतिकर्षण (अणू फार जवळ आले की त्यांना दूर ढकलणारं तयार सूत्र) जोडा आणि दाबलेल्या काही रचना डेटात घाला.

पुढचं काम अ‍ॅक्टिव्ह लर्निंगचं, म्हणजे मॉडेल जिथे अडखळतं त्याच रचना शोधून डेटात घालायच्या. वेगवेगळ्या सीडची (यादृच्छिक सुरुवातीची) ४ मॉडेलं ट्रेन करा. एकाने ९०० केल्विनची एमडी चालवा आणि दर ५० स्टेपला चौघांच्या बलांतली तफावत बघा. कुठल्याही अणूवर ती ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति आंगस्ट्रॉमच्या वर गेली की फ्रेम बाजूला काढा. हा उंबरठा सुरुवातीपुरता, स्वतःच्या डेटावर जुळवून घ्या. एकसारख्या फ्रेम गाळून फेरीला ५०-१०० पुरेत. त्यांवर डीएफटी सिंगल पॉइंट (अणू न हलवता फक्त ऊर्जा आणि बलं) करून पुन्हा ट्रेन करा. उधळल्यानंतरच्या फ्रेम मात्र घेऊ नका. त्यांत एससीएफ, म्हणजे डीएफटीचं फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे जाणारं गणित, जुळत नाही, आणि जुळलंच तर अवाढव्य बलं बाकीचं फिटिंग बिघडवतात.

आर्जिरोडाइटमध्ये गंधक आणि क्लोरीन जागांची अदलाबदल करतात, आणि वाहकता त्यावर फार अवलंबून असते. एकाच सुव्यवस्थित रचनेवर ट्रेन केलेलं मॉडेल इथे निरुपयोगी. अदलाबदलीच्या अनेक मांडण्या आणि आकारमानात ५ टक्के कमी-जास्त, दोन्ही हवं.

जाळीदोष:
वरच्याशी सहमत. टाइमस्टेपवर संशय असेल तर तो बहुधा निराधार आहे. फॉस्फरस-गंधक ताणाचं कंपन साधारण ४२० प्रति सेंटिमीटरचं, म्हणजे आवर्तकाल ८० फेम्टोसेकंदांच्या आसपास, २ चालतो. खात्रीसाठी एनव्हीईत (एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी अशी एमडी) १ आणि २ फेम्टोसेकंदांनी चालवून ऊर्जेचा ड्रिफ्ट ताडून बघा.

नव्या फ्रेमच्या डीएफटीची सेटिंगं, म्हणजे कटऑफ, के-पॉइंटची घनता आणि स्यूडोपोटेन्शियल, जुन्यासारखीच ठेवा. प्रति अणू काही मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडला तरी मॉडेल त्यालाच भौतिकी समजून शिकतं.

स्फटिकवेडा:
मेस-एमपी किंवा सीएचजीनेटसारखं अनेक पदार्थांवर आधीच ट्रेन केलेलं तयार पोटेन्शियल फाइन-ट्यून केलं (माझ्या डेटावर थोडं पुढे शिकवलं) तर?

जाळीदोष:
करा, सुरुवात सोपी होते. मात्र त्यांचा डेटा मुख्यतः मटेरियल्स प्रोजेक्ट या डीएफटी डेटाबेसच्या रिलॅक्सेशनमधला (अणू कमीत कमी ऊर्जेच्या जागी सरकवण्याच्या गणितातला), म्हणजे बराचसा समतोलाजवळचा. त्यामुळे ऊर्जापृष्ठ मऊ (खऱ्यापेक्षा सपाट) येतं, लिथियमच्या उडीतले ऊर्जेचे अडथळे कमी दिसतात आणि लिथियम खऱ्यापेक्षा जोरात पळतो. म्हणून फाइन-ट्यून न करता वाहकता काढू नका, आणि केल्यावरही एका उडीचा अडथळा एनईबीने (दोन जागांमधली कमीत कमी ऊर्जेची वाट शोधणारी पद्धत) डीएफटीशी ताडून बघा.

अणुरेणू:
वाहकतेसाठी ५२ अणूंत लिथियम फक्त २४, सांख्यिकी तोकडी पडते. ३×३×३ म्हणजे १,४०४ अणू घ्या, आकारमान एनपीटीतून (दाब आणि तापमान स्थिर) ठरवा, मग एनव्हीटीत (आकारमान आणि तापमान स्थिर) प्रत्येक तापमानाला किमान १ नॅनोसेकंद. लिथियमच्या सरासरी वर्गविस्थापनाचा (अणू किती दूर गेले याच्या वर्गाची सरासरी) सुरुवातीचा बॅलिस्टिक भाग, म्हणजे अणू अजून कशावर न आपटता सरळ जातात तो काळ, सोडून सरळ रेषा बसवा. गंधकाचंही विस्थापन वाढत गेलं तर सांगाडाच वितळतोय, ते तापमान गाळा.

फक्त ६०० ते ९०० वरून अऱ्हेनियसने (वाहकतेचा लॉग विरुद्ध १/तापमान अशा आलेखाने) ३०० पर्यंत रेषा ओढू नका, उतार मध्येच बदलू शकतो. या पोटेन्शियलने ४०० आणि ३५० थेट चालवता येतात, वेळ जास्त द्या एवढंच. विस्थापनावरून वाहकता काढणारं नर्न्स्ट-आइन्स्टाइन सूत्र आयन स्वतंत्र उड्या मारतात असं धरतं. इथे त्या बऱ्याचदा एकमेकांशी जोडलेल्या असतात, तेव्हा सगळ्या आयनांच्या एकत्रित विस्थापनावरूनही आकडा काढा. तो स्थिरावायला बराच जास्त वेळ लागतो.