गोल्फची शिकवणी लावून खेळ खरंच सुधारतो का?

बाभळीतला_बॉल
वय ५२, मुक्काम पुणे. तीन वर्षं दर रविवारी पहाटे उठून खेळतोय आणि पार ७२ च्या (म्हणजे ७२ फटक्यांत पुरा व्हावा अशा) कोर्सवर १०४ फटक्यांच्या आसपास अडकलोय. ड्रायव्हरने, म्हणजे लांब मारायच्या क्लबने, मारलेला बॉल आधी सरळ निघतो, मग उजवीकडे वळून थेट बाभळीत. सोबतचे तिघं आता हळहळतही नाहीत, गुपचूप खिशातून दुसरा बॉल काढून देतात. शेवटी दहा तासांची शिकवणी लावली. सरांनी पकड बदलली, उभं राहणं बदललं, खांदा बदलला. परवाचा स्कोअर १११! बायको म्हणते, एवढ्यात केरळ झालं असतं. आणखी दहा तास घेऊ की नाद सोडू?

निवृत्त_भिडू
शिकवणीचा नाद सोडा, खेळ नको. इयन बेकर-फिंच १९९१ ला ब्रिटिश ओपन जिंकला. मग स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची ढब, सुधारायच्या मागे लागला आणि १९९७ ला त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी ९२ मारून घरी गेला. उलट बबा वॉटसन म्हणे कधी शिकवणीला गेलाच नाही. तरी मास्टर्ससारखी मोठी स्पर्धा दोनदा जिंकला, २०१२ आणि २०१४. पन्नाशीनंतर अंगवळण बदलत नाही हो. मी २२ वर्षं स्लाइस, म्हणजे तुमच्यासारखाच उजवीकडे वळणारा फटका, मारतोय. डावीकडे तोंड करून उभा राहतो, बॉल फिरून मधे येतो. कधीकधी.

सेव्हन_आयर्न
भिडूकाका, आदर आहे पण तुमचा इलाज हाच रोग आहे. क्लब (हातातली काठी) ज्या दिशेने फिरतोय तिच्या मानाने त्याचं तोंड उजवीकडे उघडं राहिलं की बॉल उजवीकडे वळतो. डावीकडे तोंड करून उभं राहिलात की क्लबही आणखी डावीकडे ओढला जातो, फरक वाढतो, स्लाइस वाढते. हे स्वतःचं स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचा डोळा लागतो.
धागाकर्ते, दहा तासांत तीन गोष्टी बदलल्या तर १११ होणारच. टायगर वूड्स १९९७ ला मास्टर्स १२ स्ट्रोक्सनी जिंकला आणि तरी त्याने स्विंग उसवून पुन्हा शिवला. १९९८ मध्ये अमेरिकन टूरवर एकच विजय. २००० साली तीन मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या चारपैकी तीन स्पर्धा.

निवृत्त_भिडू
तो विशीतला, दिवसभर तेच काम. यांना सोमवारी ऑफिस आहे. आणि आपल्याकडचा अली शेर? दिल्ली गोल्फ क्लबवरचा कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, १९९१ ला इंडियन ओपन जिंकला. कुठल्या सरांकडे दहा तास बसला होता?

सेव्हन_आयर्न
कॅडी रोज दुसऱ्यांचे शेकडो फटके बघतो, कुठला का चुकला ते बघतो. याहून मोठी शिकवणी कुठली?
सराव म्हणाल तर, रेंजवर १०० बॉलची बादली अर्ध्या तासात ड्रायव्हरनेच रिकामी करणं हा व्यायाम झाला. चूक तेवढी पक्की होते.

कात्रजची_मी
मी सहमत दोघांशी थोडी थोडी. मला दोनच लेसन्स पुरली. सरांनी फक्त पकड धरायला लावली: वरून पाहिलं की डाव्या हाताची दोन पेरं दिसली पाहिजेत. महिनाभर बाकी काही नाही. पहिले दोन आठवडे बॉल उडेचना, रडू यायचं बाकी होतं. बाभळीतले, एक विचारू? १११ मध्ये पट्स (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, घरंगळवलेले फटके) किती होते?

बाभळीतला_बॉल
मोजले नव्हते. आता कार्ड काढून एकेक होल आठवून बघितलं. साधारण ४४. दहा तासांत पटर एकदाही हातात आला नाही, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. १०८ मिलिमीटरचं भोक, दोन हातांवरून चुकवतोय आणि दोष ड्रायव्हरला देतोय. पुढची दहा लेसन्स रद्द. एकच तास घेतो, तोही ग्रीनवर. बाकी रोज रात्री हॉलमधल्या सतरंजीवर, पेल्यात.

निवृत्त_भिडू
पेला स्टीलचा नको. आमच्या वरच्या मजल्यावरही एक जण सुधारतोय.