मदत हवी आहे: कारखान्याला बजावलेली नोटीस बघायला कुठे मिळते?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात रसायनाची पिंपं हाताळतो. दोन महिने झाले, हातांची सालपटं निघतायत, रात्रभर खोकतो. आई घाबरून गेलीय. तिथे तपासणी होऊन नोटीस आली, एवढंच कामगारांच्या कानावर आलंय. कागद कुणीच पाहिला नाही.

मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथे अशा नोटिसा कारखान्याच्या नावाने नेटवर शोधता येतात, कोणता नियम मोडला तेही दिसतं. आपल्याकडे तसं काही मला सापडलं नाही.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदवही संबंधितांना बघता येते, पण ती सांडपाण्याच्या अटींची. भावाचा प्रश्न आतल्या हवेचा, हातमोज्यांचा. म्हणजे कारखान्यांतली सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाचा. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज कुणी केलाय का? नोटीस आणि तिच्या पूर्ततेचा अहवाल, दोन्ही मागावे ना? ३० दिवसांची मुदत ठाऊक आहे. जिवाचा प्रश्न म्हणून ४८ तासांत मागता येईल का? भावाची नोकरी जायला नको, म्हणून अर्ज मी माझ्या नावाने करणार आहे.