शब्दचर्चा : ‘अ‍ॅनास्टोमोसिस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची माहिती रुग्णांसाठी मराठीत लिहीत आहे. रोगट भाग काढल्यावर आतड्याची दोन टोके जुळवतात, त्या ‘अ‍ॅनास्टोमोसिस’साठी ‘संमीलन’ लिहावे तर ते फार पुस्तकी होते आणि ‘सांधा’ लिहावा तर वाचणाऱ्याला गुडघा आठवतो. काय योग्य ठरेल?

उत्तर : मूळ ग्रीक शब्दाच्या पोटात ‘स्टोमा’, म्हणजे तोंड, आहे; पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडालाही डॉक्टर ‘स्टोमा’च म्हणतात. त्यामुळे आतड्याची तोंडे जुळवणे या अर्थी ‘आंत्रसंधान’ हा शब्द चूक नाही, पण ‘संधान बांधणे’ म्हटले की मराठी माणसाला कारस्थानाचा वास येतो. मी ‘जोड’ सुचवेन. ‘आतड्याला जोड दिला’ असे नातेवाईक एरवीही सांगतातच, शिवाय या शब्दाला विशेषणे सहज लागतात : टोकाला टोक लावलेला जोड, बाजूला टोक लावलेला जोड, हाताने शिवलेला जोड.

स्टेपलरने, म्हणजे पिना मारणाऱ्या यंत्राने, केलेल्या जोडाचे वर्णन मात्र नीट करावे लागेल. वरच्या आतड्याच्या तोंडात यंत्राची टोपी बसवून दोरा आवळतात, यंत्राचा दांडा गुदद्वारातून वर नेतात आणि दोन्ही एकमेकांत अडकवून घट्ट मिटतात. मग एकाच दाबात टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या दोन वर्तुळाकार रांगा बसतात आणि गोल पाते आतला भाग कापून वाट मोकळी करते. यंत्राबरोबर बाहेर येणाऱ्या मांसाच्या दोन कड्या अखंड आहेत ना, हे शल्यविशारद बोटाने चाचपून पाहतो. इंग्रजीत त्यांना ‘डोनट’ म्हणतात. मला मेदूवडा सुचला होता, पण रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर ‘कडी’च बरी. (पिनांची कल्पना तशी जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत छिद्र पडलेल्या आतड्याला काळ्या मुंग्यांकडून चावे घेववून धड तोडायला आणि मुंडकी तशीच ठेवायला सांगितले आहे.)

पुन्हा प्रश्न : मग जोडातून गळती होते त्या ‘लीक’साठी ‘टाके उसवले’ चालेल का?

उत्तर : स्टेपलरच्या जोडात दोऱ्याचे टाके नसतात, म्हणून ते टाळावे. शस्त्रक्रियेतच जोड तपासायला तो पाण्याखाली बुडवून गुदद्वारातून हवा भरतात, तेव्हा बुडबुडे आले, किंवा पुढे काही दिवसांनी मल पोटात झिरपू लागला, तर ‘जोड गळतो आहे’ म्हणावे. दोन्ही टोके खरोखरच विलग झाली असतील, तरच ‘जोड सुटला’.