एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) सर्वांची कधी झाली? ऑटोफोकसमुळे (कॅमेऱ्याने आपोआप फोकस घेणं) की डिजिटलमुळे?

फोंडेकर: माझं ठाम मत, 1985 साली. मिनोल्टा 7000 आली आणि एसएलआर सामान्य माणसाच्या हातात आली. ऑटोफोकस त्याआधीही होता. कोनिका सी35 एएफ 1977 ची, पण ती साधी कॉम्पॅक्ट. पेंटॅक्स एमई-एफ 1981 ची, फोकस फिरवणारी मोटर आणि तिचे सेल लेन्समध्येच, त्यामुळे ती लेन्स बोजड. मिनोल्टाने मोटर बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच घातली. पणजीच्या शिगम्यात (गोव्याचा शिमगा) रोमटामेळ, म्हणजे नाचणाऱ्यांची मिरवणूक, ढोल-ताशे वाजवत अंगावर येतो तेव्हा फोकसची रिंग फिरवायला सवड कुठे मिळते? डिजिटलने वाचवला तो रिळाचा खर्च. तो मोठाच होता, पण फोटो नेमका पकडण्याची अडचण आधीच सुटली होती.

मांडवीकाठ: साफ असहमत. मिनोल्टात फोकस घ्यायची जागा मधोमध एकच, आणि ती पकडायची उभ्या रेषा. चित्ररथाची आडवी कड समोर असली की लेन्स नुसती पुढेमागे फिरायची. फेज डिटेक्शन ही त्या ऑटोफोकसची पद्धत, ती लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ताडून पाहतं. रात्री प्रकाशच कमी, तर ताडणार काय? शिवाय फोटो हलला हे कळायचं रीळ धुऊन आल्यावर, तोवर शिगमो संपलेला. चूक तिथल्या तिथे दिसू लागली ती डिजिटलमध्ये. 2003 ची कॅनन 300डी 6.3 मेगापिक्सेलची, अमेरिकेत बॉडी 900 डॉलरच्या आत. शिकणाऱ्याला खरं बळ तिने दिलं.

फोंडेकर: मग 1991 च्या कोडॅक डीसीएसचं काय? डिजिटल एसएलआरच ती. निकॉन एफ3 ची बॉडी, 1.3 मेगापिक्सेल, फोटो साठवायचा डबा खांद्याला, आणि फोकस हाताने! सामान्य माणसाने घेतली का? तुमची 300डी चालली ती सात फोकस-बिंदूंवर आणि कॅननच्या 1987 पासूनच्या ईओएस ऑटोफोकस लेन्सवर. पाया ऑटोफोकसचाच.

बोटीवरचा: बाबांनो, लेन्स आधीपासून घरात असलेल्यांचं कोणीच बोलत नाही. आमच्याकडे कॅमेरे आले ते बोटीवर नोकरी करणाऱ्यांबरोबर. 1987 मध्ये कॅननने माउंट (लेन्स बॉडीला बसवायची जोडणी) बदलला आणि जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीला बसेनात. निकॉनने 1959 चा माउंट ठेवला, 1986 ची एफ-501 त्याच माउंटवर ऑटोफोकस करायची. म्हणून मी निकॉनवाला. पण 2006 च्या डी40 मधून त्यांनीही मोटर काढली, जुन्या एएफ लेन्सचा फोकस पुन्हा हाताने! 2004 च्या डी70 मध्ये मोटर आहे. नवशिक्याने जुनी लेन्स घेऊन तीच बॉडी शोधावी. घेताना लेन्स उजेडासमोर धरून बुरशी बघा, आपल्या पावसाळ्यात ती हटकून धरते.

मांडवीकाठ: बोटीवरचा, डी70 बद्दल सहमत. फोंडेकरबाब, कोडॅकला माणसं मुकली ती हजारो डॉलरच्या किमतीपायी. हाताने फोकस करून शिगमो टिपणारे आपल्याकडे तेव्हाही होते. त्यांना फोटो लगेच दाखवणारा डिजिटलचा स्क्रीन आणि परवडेल असा भाव मिळाला असता, तर ते मोटरवाचून अडले नसते.