डोलत्या लाकडी घोड्याचा जुना रंग: हीट गन की कॉस्टिक?

आयाळ:
मंडळी, एक जुना डोलता घोडा हाती आलाय. कमानीवर डोलणारा नव्हे, स्टँडवर लोखंडी पट्ट्यांनी टांगलेला. मागचे दोन्ही पाय सांध्यात हलतात. अंगावर नंतर कुणीतरी पांढरा एनॅमल फासलाय, त्याचे पोपडे निघताहेत आणि खाली करडे ठिपके दिसतात. पोटाला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं. आयाळ गेली, ती ठोकलेल्या नुसत्या चुका (बारीक खिळे) उरल्यात. सगळा रंग काढून लाकडापर्यंत जावं म्हणतो. हीट गन (गरम हवेचं यंत्र) वापरू की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवू?

पटाशी:
दोन्ही नको. हे घोडे एका ओंडक्यातले नसतात. धड म्हणजे फळ्या चिकटवून केलेली पोकळ पेटी, पाय वेगळे. सगळं सरसावर, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांच्या गोंदावर, उभं असतं आणि रंगाखालचा गेसो, म्हणजे पांढरं अस्तर, तोही सरस-खडूचाच. कॉस्टिकच्या पाण्यात सरस विरघळला की सांधे सुटतात आणि गेसोचा चिखल होतो. हीट गनने गेसोला फोड येतात, शिवाय जुन्या रंगात शिसं असतं, त्याचा धूर नाकात जातो. कोरडा पॉलिश पेपरही मारू नका, धूळ तितकीच वाईट.

करडे ठिपके म्हणजे बहुधा कारखान्यातला मूळ रंग. घोड्याची किंमत त्यातच आहे. पायाच्या आतल्या बाजूला एक सेंटिमीटरचा चौकोन घ्या. भिंगाखाली, स्कालपेल (शस्त्रक्रियेची बारीक सुरी) आडवं धरून, एकेक थर उचला. मधे वॉर्निशचा थर असेल तर एनॅमल तिथूनच सुटतो. सुटत नसेल तर तसाच राहू द्या.

सुटणारा मूळ रंग आधी बसवायचा. पोपड्याखाली अल्कोहोल-पाणी निम्मं-निम्मं, मग दोन-तीन टक्क्यांचा कोमट माशाचा सरस बारीक ब्रशने. वर न चिकटणारा सिलिकॉन कागद ठेवून हलका दाब. अल्कोहोल वगळलंत तर सरस आत शिरत नाही, वरच थेंब होऊन बसतो. पण जुनं वॉर्निश अल्कोहोलने विरघळू शकतं, म्हणून आधी कोपऱ्यात चाचणी.

खोडकिडा:
त्याही आधी कीड, पोटाची गोल भोकं बहुधा तिचीच. घोड्याखाली काळा कागद पसरून काही आठवडे पाहा, ताजा भुसा पडतो का. पडला तर कीड जिवंत आहे. सुटत्या रंगाचा घोडा फ्रीझरमध्ये घालू नका. हवाबंद फिल्ममध्ये ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह तीन ते पाच आठवडे, खोलीच्या तापमानाला. पिशवीला सुईएवढं छिद्र राहिलं तरी सगळी मेहनत वाया, म्हणून आत ऑक्सिजन दाखवणारी गोळी ठेवा.

पटाशी:
पायांबद्दल राहिलंच. हलत्या सांध्यात फेविकॉल किंवा इपॉक्सी ओतणं ही सर्वांत सामान्य चूक. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही, आणि इपॉक्सीने सांधा पुन्हा कधी उघडता येत नाही. आधी लपलेले खिळे-स्क्रू शोधून काढा. मग सिरिंजने अल्कोहोल सोडा, जुना सरस ठिसूळ होतो आणि हळूहळू हलवून पाय निघतो. उरलेला सरस कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. वजनाने एक भाग सरस, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठ अंशांपर्यंत तापवा. उकळलात तर ताकद जाते. सांधा सैल असेल तर पातळ व्हिनिअरचे (लाकडाच्या पापुद्र्याचे) तुकडे घाला, सरसाने पोकळी भरत नाही. क्लॅम्प चोवीस तास.

आयाळ:
आणि जिथे गेसो उडालाय तिथे? मुलांना बसवता येईल का?

रोगण:
गेसो: एक भाग सशाच्या कातडीचा सरस, दहा-बारा भाग पाणी, त्यात खडूची पूड साईसारखी होईपर्यंत. ढवळा, घुसळू नका, बुडबुड्यांची टाचणीभोकं होतात. पातळ सहा-आठ थर. वरचा थर खालच्यापेक्षा कडक झाला तर तडकून उचलतो. फक्त भरलेल्या जागीच रंग लावा, मूळ रंगावर ब्रश जाऊ देऊ नका.

बसवायचं म्हणाल तर शिशाचा रंग असलेला घोडा लहान मुलाला देऊ नका. ते चाटणारच. शोभेला ठेवा. लोखंडी पट्ट्यांची झिजलेली टोकं मात्र तेव्हाही तपासा, वजन तिथेच येतं. अशा टांगत्या स्टँडचं पेटंट 1880 चं, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वांचं. म्हणजे स्टँड मूळचाच असेल तर घोडा बहुधा त्यानंतरचा. उरलेल्या चुका उपटू नका, आयाळ कुठून कुठवर होती ते त्याच सांगतात.