मदत हवी आहे: डीएनएसमध्ये नोंद दिसते, तरी वरच्या मजल्यावर प्रॉक्सी सापडत नाही

मंडळी, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस. मी खरं तर अकाउंट्सचा माणूस, पण 'तुम्हाला त्यातलं कळतं' म्हणून नेटवर्कही माझ्याच गळ्यात आहे.

इंटरनेट फक्त प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जातं, थेट रस्ता फायरवॉलवर बंद आहे. सगळ्या कॉम्प्युटरवर 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' चालू, म्हणजे प्रॉक्सी त्यांनी आपोआप शोधायचा. जुना सर्व्हर काढून विंडोज सर्व्हर २०१९ बसवला, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी (कॉम्प्युटरना आयपी पत्ते वाटणारी सेवा) दोन्ही त्याच्यावरच आहेत. तेव्हापासून खालचा मजला मजेत आणि वरचा ठप्प. ब्राउझर बराच वेळ गोल गोल फिरतो आणि शेवटी साइट मिळत नाही म्हणतो. प्रॉक्सीचा पत्ता हाताने टाकला की लगेच चालतं. पण मार्केटिंगवाले लॅपटॉप घरी नेतात, मग तिथे त्यांचं नेट बंद आणि रात्री फोन मला.

प्रॉक्सी आपोआप शोधताना कॉम्प्युटर डब्ल्यूपॅड हे नाव विचारतात, आणि डीएनएस कन्सोलमध्ये त्या नावाची नोंद डोळ्यांना दिसते. तरी एनएसलुकअप कमांडने नाव विचारलं की 'असं नावच नाही'. खुद्द सर्व्हरवर बसून विचारलं तरी तेच! त्याच आयपीला दुसऱ्या नावाची नोंद केली, ती क्षणात सापडली. ब्राउझरमध्ये आयपी टाकून डब्ल्यूपॅड डॉट डॅट फाइलही (प्रॉक्सी कुठे ते सांगणारी) उतरते. व्हेंडर म्हणतो, "साहेब, राउटर बदली नाखो," म्हणजे बदलून टाका. मला नाही पटत. जाणकारांनी प्रकाश टाकावा, वीस तारखेच्या आत झालं तर बरं, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) भरणारी मंडळी वरच बसतात.

प्रतिसाद १:
राउटरला हात लावू नका. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून 'ग्लोबल क्वेरी ब्लॉक लिस्ट' असते. तिच्यात डब्ल्यूपॅड आणि आयसाटॅप (आयपीव्ही६ साठीचं एक नाव) ही दोन नावं मुळातच घातलेली असतात. नोंद असली तरी सर्व्हर ती नाकारतो, म्हणून दुसरं नाव सापडतं आणि हे सापडत नाही. कारणही रास्त आहे. डायनॅमिक अपडेट (कॉम्प्युटरने आपली नोंद आपणच करणं) चालू असेल तर कोणीही आपल्या कॉम्प्युटरला डब्ल्यूपॅड नाव देऊन अख्ख्या ऑफिसचं ट्रॅफिक स्वतःकडे वळवू शकतो.

तुमची नोंद हाताने केलेली, स्थिर आहे ना, ते आधी बघा. मग पॉवरशेलमध्ये ही यादी काढून पाहा आणि फक्त डब्ल्यूपॅड वगळून ती परत लिहा. आयसाटॅप राहू द्या. ही यादी प्रत्येक सर्व्हरची वेगळी असते, दुसरा डीएनएस सर्व्हर असेल तर तिथेही करावं लागेल.

प्रतिसाद २:
पण मग खालचा मजला कसा चालतो? माझा अंदाज: विंडोज आधी डीएचसीपीला विचारतं आणि तिथे नाही मिळालं तरच डीएनएसकडे जातं. खालच्या मजल्याच्या डीएचसीपी स्कोपमध्ये (पत्त्यांच्या गटात) पर्याय २५२, म्हणजे त्या फाइलचा पत्ता, भरलेला असेल, वरच्या स्कोपमध्ये राहिला असेल. तसं असेल तर तो भरूनही काम होईल. त्यात फाइलचा पूर्ण पत्ता लिहायचा, पोर्टसकट.

डीएनएसच्या वाटेने मात्र फाइल ८० पोर्टवरच शोधली जाते. आणि फाइल आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) असेल तर डॅट एक्स्टेन्शनचा माइम टाइप (फाइल कसली ते सांगणारी खूण) नीट आहे का तेही पाहा.

धागाकर्ता:
बरोब्बर! वरच्या मजल्याचा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा भाग) वेगळा आहे आणि त्याच्या स्कोपमध्ये २५२ नाहीच. ब्लॉक लिस्टमध्येही दोन्ही नावं सापडली. आमच्या गावातल्या एकाने सुचवलं होतं की एका कॉम्प्युटरलाच डब्ल्यूपॅड नाव द्या, नेटबायोस (नावं शोधण्याची विंडोजची जुनी पद्धत) शोधून काढेल. तसं होईल का?

प्रतिसाद १:
नाही. २०१६ च्या जूनमधल्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज डब्ल्यूपॅडसाठी नेटबायोसला विचारत नाही. आणि तो धोकाही मी वर सांगितलाच. माझं मत विचाराल तर आपोआप शोधण्याचा नाद सोडा, ग्रुप पॉलिसीतून (सर्व्हरवरून सगळ्या कॉम्प्युटरना लागणाऱ्या सेटिंगमधून) फाइलचा पत्ता थेट द्या. लॅपटॉप बाहेरच्या नेटवर्कवर डब्ल्यूपॅड शोधत फिरणं मला तरी बरं वाटत नाही. घरी तो पत्ता सापडला नाही तर ब्राउझर सहसा थेट जातो, पण एका लॅपटॉपवर करून बघा आणि मगच सगळ्यांना लावा.

धागाकर्ता:
तूर्त वरच्या स्कोपमध्ये २५२ टाकला, यादीतून नाव काढलं. एका कॉम्प्युटरवर तरीही चालेना, डीएनएसची कॅशे फ्लश केली तेव्हा सुरू झालं, जुना 'नाही' धरून बसला होता. बाकीचे रीस्टार्ट केल्यावर लागले. ग्रुप पॉलिसीचं काम जीएसटी रिटर्न भरून झाल्यावर बघतो, आत्ता वर कुणाला उठवलं तर मला ऑफिसात पाऊल ठेवता येणार नाही.