पाचट, चारी आणि आपलं पार्किंग
(सोसायटीचा ग्रुप, मांजरी बुद्रुक, पुणे)

*ए-८०४ देशपांडे:* आजही बाल्कनीभर काळी राख. वाळलेले कपडे परत धुवायला टाकले. मागच्या शेतवाल्याची लेखी तक्रार करतोय, सगळ्यांनी सह्या द्या.

*बी-३०१ स्नेहल:* माझं नाव घाला काका. लेकाचा खोकला थांबत नाहीये.

*सी-५०६ अमित:* २०२१ ला २३ गावं महापालिकेत गेली, त्यात मांजरी होती ना? मग शहरात ऊस जाळतात कसा?

*ए-१०२ नितीन:* ऊस तुटून गेला, मागे राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवलंय. शेत माझ्या चुलत्यांचं आहे.

*ए-८०४ देशपांडे:* अरे नितीन, तुला उद्देशून नव्हतं हं.

*ए-१०२ नितीन:* कळलं काका. सहीसुद्धा करतो, पाचट जाळू नये हे मलाही पटतं. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपल्याच गावात आहे, ते तर कधीपासून सांगतायत की पाचट सरीत कुजवा, खत होतं, ओल टिकते. चुलते आधी पाचटाची बारीक कुट्टीच करून घ्यायचे. पण कुट्टीचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडून येतं. बी विंगच्या कडेला पाहुण्यांच्या गाड्या लागतात तिथून ते वळत नाही. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून परत गेला, म्हणून काडी लावली.

*सी-५०६ अमित:* पण ते व्हिजिटर पार्किंग आहे. ब्रोशरमध्ये होतं.

*ए-१०२ नितीन:* ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलपण होता 😀 ती पाणंद आहे, शेताकडे जायची वाट. गावनकाशा काढून बघ.

*बी-९०३ जोशी आजोबा:* बरोबर बोलतोय तो. मी नोकरीला हडपसरला होतो. तेव्हा मगरपट्ट्यात ऊस होता आणि मांजरीची द्राक्षं घ्यायला आम्ही सायकलवर यायचो.

*सी-५०६ अमित:* दादा राग मानू नका, पण गाववाल्यांनी कोट्यवधी घेऊनच जमिनी विकल्या ना? गुंठामंत्री उगाच म्हणत नाहीत. आता शेतीचं रडगाणं कशाला?

*डी-७०२ शिंदे ताई:* अमित, भाषा जरा जपून.

*ए-१०२ नितीन:* असू दे ताई. विकली की आम्ही. ही बिल्डिंग आमच्याच रानात उभी आहे, मी राहतो तो फ्लॅट जागामालकाच्या वाट्याचा. पण लोकांना वाटतं बिल्डर आला आणि शेती गेली. तसं नाही होत. शेती आधी बसते, बिल्डर नंतर येतो.

शेती एकट्याची नसते. थेऊरचा यशवंत कारखाना बंद पडून दहा वर्षं कधीच उलटली. घरचा कारखाना गेला की ऊस लांब पाठवायचा, नाहीतर गुऱ्हाळाला द्यायचा, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी तोडीची टोळी कोण पाठवतं? मग पहिला माणूस विकतो. घेणारा काही पेरत नाही, पत्रे मारून कंपाउंड करतो आणि रेट वाढायची वाट बघतो. कंपाउंड पडलं की चारी, म्हणजे रानातून पाणी नेणारा चर, तुटते. खालच्या तिघांना पाण्याची पाळी असून पाणी पोचत नाही. त्यांचं रान पड पडतं, काँग्रेस गवत माजतं, रात्री ट्रक येऊन राडारोडा टाकून जातात. अशा रानाला शेवटी पुडी सोडणारा एजंट देवासारखा वाटतो.

पैशाचं म्हणशील तर सातबाऱ्यावर नावं किती असतात ते बघ. आमच्या आज्जीच्या नावापासून वारस लागले. दोन आत्यांनी हक्कसोड दिलं, तिसरीने दिलं नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून दिवाळीला ती येत नाही. फॉर्च्युनर एकाच्या दारात दिसते रे. वाटे सात झाले होते.

*डी-७०२ शिंदे ताई:* माझं माहेर लोणीचं. भावाच्या रानाला बेबी कालव्याचं पाणी. शहराचं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलवरून उचलून त्यात सोडतात. धरणाचं पाणी शहराला आणि शहरानं वापरलेलं शेताला, असा हिशोब. भाऊ म्हणतो निदान बारमाही आहे. पण त्या पाण्यावरची भाजी तो घरात खात नाही, मार्केटला देतो. आता ती कोण खातं ते ओळखा.

*बी-३०१ स्नेहल:* अगं ताई!! काल मेथी घेतली मी 😐

*सेक्रेटरी:* विषयांतर होतंय. पण नितीन, चारीवरून आठवलं. पावसाळ्यात डी विंगच्या बेसमेंटमध्ये पाणी येतं, प्लंबर तीनदा बदलला, कारण सापडत नाही.

*ए-१०२ नितीन:* सापडेल कसं, ते पाइपातलं पाणीच नाही. डी विंगच्या मागे भिंत जिथे वाकडी झालीय तिथून आमची चारी ओढ्याला जायची. बिल्डरने तिच्यावर पेव्हर ब्लॉक घातले आणि खाली नऊ इंची पाइप टाकला. वरच्या वीस एकरांचं पाणी नऊ इंचातून? आधी रान पाणी प्यायचं, आता वर काँक्रीट. सगळं एकदम खाली येतं.

*सेक्रेटरी:* हे वडिलांनी तेव्हाच बिल्डरला सांगायला हवं होतं.

*ए-१०२ नितीन:* सांगितलं होतं. साइट इंजिनिअर म्हणाला, मामा, तुमचं शेत आता संपलं.

*सी-५०६ अमित:* बरं, टँकरचं पाणी कुठून येतं मग? बिल्डरने महापालिकेची लाइन येईपर्यंत पाणी देण्याचं हमीपत्र दिलं होतं.

*ए-१०२ नितीन:* हमीपत्र फाइलला आहे, टँकर आपल्या मेंटेनन्सला. निम्मे टँकर चुलत्यांच्याच विहिरीवरून भरतात. उसापेक्षा पाण्याचे पैसे बरे आणि रोख मिळतात. पुढच्या वर्षी ऊस लावायचा नाही म्हणतायत. म्हणजे राखेचा प्रश्न मिटला. विहीर किती दिवस पुरेल ते मात्र विचारू नका, आत्ताच मोटर खाली सोडावी लागलीय.

*ए-८०४ देशपांडे:* तक्रारअर्ज तूर्त थांबवतो. गाड्या मात्र आजच हलवूया.

*बी-३०१ स्नेहल:* काका, पाहुणे कुठे लावणार?

*सेक्रेटरी:* बाहेर मेन रोडला. पाणंद मोकळी ठेवायची, वॉचमनला सांगतो. रविवारी सकाळी नितीनसोबत डी विंगच्या मागे ब्लॉक उचलून बघू. कमिटीतले तरी या.

*सी-५०६ अमित:* मी येतो. आणि नितीन दादा, चुलते ऊस लावणार नसतील तर… दोन-तीन गुंठे निघतील का? सासऱ्यांना हवेत.

*ए-१०२ नितीन:* 😂😂 गुंठामंत्री व्हायचंय का तुला?

*सेक्रेटरी:* प्लॉटची चौकशी पर्सनलवर. इथे फक्त ड्रेनेज.